घर गार ठेवण्यासाठी सहा लाखांची एफडी मोडावी का?

प्रश्न : नागपूरच्या बेसा भागात आम्ही ११०० चौरस फुटांचं बैठं घर बांधतोय. नकाशा अजून मंजुरीला टाकलेला नाही. एसी लागूच नये म्हणून आर्किटेक्टने ४,२०,००० रुपयांचं जादा काम सुचवलंय: स्लॅबवर इन्सुलेशन आणि चायना मोझॅक (टाइल्सच्या तुकड्यांचा थर) १,३५,००० (त्यात वॉटरप्रूफिंगचे ६०,०००), पश्चिमेला दुहेरी भिंत ७०,०००, छज्जे व लूव्हर (खिडकीवरच्या तिरप्या पट्ट्या) ४५,०००, दुहेरी काचा १,१०,०००, जमिनीखालून हवा खेचणारे पाईप ६०,०००. शिल्लक म्हणजे ६ लाखांची एफडी, तेवढीच. घरखर्च ४०,०००, नव्या कर्जाचा हप्ता ३१,०००. यजमानांची नोकरी खाजगी, सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. पुढे सोलरही बसवायचंय. काय करू?

उत्तर : ताई, सगळी एफडी मोडू नका. १,२०,००० काढा आणि फक्त छत आणि छज्जे करून घ्या.

आधी एफडीचं बघू. हप्ता आणि घरखर्च मिळून महिना ७१,०००, म्हणजे सहा महिन्यांचे ४,२६,०००. तुमची एफडी पडून राहिलेली नाही, तोच तुमचा आणीबाणीचा पैसा आहे. ४,२०,००० काढले तर हाती अडीच महिन्यांचा खर्च उरेल. यजमानांची नोकरी खाजगी, घरात म्हातारं माणूस. मी तरी हे करू देणार नाही.

आता बचतीचं. नव्या घरात दोन एसी लावले तर उन्हाळाभरात १४०० युनिट जादा जातील असं धरू, आणि वीजबिलाच्या वरच्या टप्प्याचा दर युनिटमागे १३ रुपये धरू. म्हणजे १८,२०० रुपये. पूर्ण पॅकेजने यातलं निम्मं वाचलं तरी ९,१०० रुपये; ४,२०,००० वर ते जेमतेम सव्वादोन टक्के पडतात. एफडी यापेक्षा बरी.

छताचं गणित मात्र वेगळं आहे. नागपूर २१ अंश अक्षांशावर. २६ मेच्या सुमारास, म्हणजे ऐन नवतप्यात (मेअखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत), दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो आणि बैठ्या घराचा स्लॅब सगळं ऊन अंगावर घेतो. १,३५,००० मधले ६०,००० वॉटरप्रूफिंगचे आहेत. ते ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात आधीच असणार, एकदा तपासा. म्हणजे छताचा खरा जादा खर्च ७५,०००. त्यात छज्जांचे ४५,००० धरले की झाले १,२०,०००. एवढ्याने दुसरा एसी टळला तर त्याचे ४५,००० वजा, निव्वळ ७५,०००. वर्षाला ६,००० वाचले तर आठ टक्के. एफडीच्या व्याजावर कर लागतो, वाचलेल्या वीजबिलावर लागत नाही.

‘एसी लागणारच नाही’ यावर मात्र विसंबू नका. नवतप्यात रात्रीची हवाच तापलेली असते. सासूबाईंच्या खोलीत एक एसी ठेवा, बाकी घराला कूलर. मेच्या कोरड्या हवेत कूलरच्या ओल्या ताट्या उत्तम काम करतात, पावसाळ्यात नुसती चिकचिक.

इन्सुलेशन स्लॅबच्या वरून घाला. खालून पीओपीत घातलं तर स्लॅब तापतोच. दक्षिणेच्या चार फुटी खिडकीला दोन फुटांचा छज्जा पुरतो: मेमध्ये पूर्ण सावली, डिसेंबरात दुपारचं ऊन अर्ध्या काचेतून आत. पश्चिमेला छज्जा हरतो, कारण चार वाजताचं ऊन तिरपं येतं. लूव्हर तिथेच लावा. मेमधल्या संध्याकाळी सहाला कुठल्याही घराच्या पश्चिम भिंतीला आतून तळहात लावून बघा, लगेच कळेल.

दुहेरी भिंतीऐवजी जिना, बाथरूम आणि कोठीची खोली पश्चिमेला घ्या. नकाशा मंजुरीला गेलेला नाही, तोवर हे फुकट आहे. आर्किटेक्टला आधी हेच विचारा. आधी सुचलं नाही याचं मला जरा नवलच वाटलं. दुहेरी काचा पुढेही बसवता येतील. पाईप मात्र विसरा. खोल जमीन गार असते हे खरं, पण काळ्या मातीत खणायचं, पावसाळ्यात पाईपात बुरशी, आणि साफ कोण करणार?

सोलरचं घाईने नको. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, ते घर झाल्यावर बघू. पण पॅनेलच्या स्टँडसाठी सिमेंटचे ठोकळे आत्ताच स्लॅबबरोबर ओतून घ्या. नंतर चायना मोझॅकमध्ये ड्रिल मारलं की वॉटरप्रूफिंगचे ६०,००० पहिल्याच पावसात गळायला लागतील.