रंगाच्या डब्याआधीचं काम

चि. नव्या कारागिरास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. जुनं फर्निचर नवं करून विकायच्या तुझ्या धंद्याचं नाव, इन्स्टाग्रामवर फोटो कसे टाकायचे, व्हिजिटिंग कार्डाचा कागद, कुठल्या कंपनीचा चॉक पेंट (खडूसारखा, बिनचमकीचा दिसणारा रंग) घ्यायचा, हे सगळं तू मन लावून लिहिलं आहेस. जुनं सामान आणणार कुठून आणि त्यावरचा जुना थर काढणार कसा, याला मात्र दीड ओळ. मी त्या दीड ओळीबद्दलच लिहिणार आहे. फोटोंचं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

गिऱ्हाईक फिरोजी रंग बघून भुलतं, पण पैसे टिकतात ते रंगाआधीच्या कामावर. सहा महिन्यांनी कपाटाच्या दाराची कड पापुद्र्यासारखी सुटली की त्या फिरोजी रंगाचं कौतुक कुणी करत नाही. फोन येतो आणि तो उचलावा लागतो.

आधी खरेदी. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईत ओशिवऱ्याची जुन्या फर्निचरची दुकानं, चोर बाजार ही ठिकाणं तुला ठाऊक आहेतच. पण तिथला विक्रेता तुझ्या-माझ्यापेक्षा दहापट जास्त लाकूड ओळखतो, त्यामुळे तिथे स्वस्तात काही मिळेल या आशेवर जाऊ नकोस. बघायला, शिकायला जा. खरा माल पेठांतले वाडे पाडायला घेतात तेव्हा निघतो, किंवा कुणी पुनर्विकासात तात्पुरत्या भाड्याच्या घरात जातं आणि तीन पिढ्यांचं फडताळ लिफ्टमध्ये मावत नाही तेव्हा. अशा वेळी तोंडी ओळख कामाला येते. सोसायटीचा वॉचमन, पॅकर्सचे लोक, रद्दीवाला या तिघांकडे तुझा नंबर असू दे.

वस्तू घेताना रंग बघू नकोस, ती उलटी करून बघ. खालच्या बाजूला कुणी पॉलिश केलेलं नसतं, तिथे लाकूड आपलं खरं रूप सांगतं. खण पूर्ण बाहेर काढ. मागची फळी प्लायवूडची बदललेली असेल तर हरकत नाही, किंमत तेवढी पाड. पायापाशी पिठासारखा बारीक भुसा पडलेला दिसला आणि टाचणीच्या डोक्याएवढी भोकं असली तर कीड अजून जिवंत आहे असं समज. भोकांत सिरिंजने औषध सोडून, वस्तू प्लास्टिकमध्ये गुंडाळून बाजूला ठेवायची आणि नवा भुसा पडत नाही ना याची खात्री होईपर्यंत बाकीच्या मालाजवळ आणायची नाही. वाळवीचं वेगळं. ती मातीच्या नळ्या करून येते आणि आतून पोखरते. वाळवीने खाल्लेला पाय अंगठ्याने दाबला की आत जातो. तशी वस्तू फुकट मिळाली तरी महाग.

जुना थर कसला आहे हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून न दिसणाऱ्या कोपऱ्यात थोडा वेळ दाबून धर. चिकट होऊन तपकिरी रंग बोळ्यावर आला तर ते चपडी लाखेचं फ्रेंच पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने मऊ पडलं तर बहुतेक लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर वर पीयू (पॉलियुरेथेन) किंवा जुना ऑइल पेंट बसलाय, तिथे बहुतेक घासावंच लागतं. एवढं केलंस तरी अर्धी भांडणं टळतात, कारण कशावर काय चढेल आणि काय सोलून निघेल हे तिथेच ठरतं.

आता तुझा लाडका चॉक पेंट. 1990 मध्ये ब्रिटनमध्ये अ‍ॅनी स्लोन यांनी तो बाजारात आणला, आणि ‘घासायची गरज नाही, सरळ मारा’ या एका गोष्टीवर तो जगभर गेला. रंग चांगलाच आहे, मीही वापरते. पण ते वचन आपल्या स्वयंपाकघरातल्या जाळीच्या कपाटाला लावू नकोस. त्यावर वर्षानुवर्षांची फोडणी बसलेली असते. बिजागरीच्या खाली नखाने खरवडून बघ, तपकिरी मेणासारखी वळी निघेल. ते तेल सोड्याच्या गरम पाण्याने दोनदा धुऊन, नीट वाळवून, 120 नंबरच्या पॉलिश पेपरने चमक मोडून, मग 220 ने हात फिरवल्याशिवाय कुठलाही रंग त्यावर धरत नाही, डब्यावर काहीही छापलेलं असो.

आणि पांढरा रंग देणार असशील तर आणखी एक पायरी. सागवान आणि शिसवीतला रस पाण्याच्या (वॉटर-बेस्ड) रंगातून वर येतो. रात्री दुधासारखं पांढरं दिसणारं टेबल सकाळी पिवळट, क्वचित गुलाबी डागांचं होतं. मग माणूस घाबरून तिसरा हात मारतो, चौथा मारतो, डाग पुन्हा वर. इलाज हातांच्या संख्येत नाही. रंगाआधी मेण काढलेल्या लाखेचा एक पातळ हात दिला की रस आतच अडतो. लांबीही (भेगा बुजवायची पुट्टी) त्याआधी भरायची आणि पुरती वाळू द्यायची.

घासण्याबद्दल एक गोष्ट तुला जरा कडक शब्दांत सांगते. आपल्या देशात घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा घालणारा नियम 2016 चा, आणि तो लागू झाला 1 नोव्हेंबर 2017 पासून. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, नारिंगी आणि हिरव्यात, शिसं असू शकतं असं धरूनच काम करायचं. तू लिहिलंस की दादाचं बाळ आता रांगायला लागलंय आणि तू काम घराच्या गॅलरीत करणार आहेस. तसं करू नकोस. रंग दिलेली जुनी वस्तू घरात कोरडी घासायची नाही, हीट गनने जाळायची नाही. वॉटर पेपर घेऊन ओलं घासायचं, खाली प्लास्टिक अंथरायचं, निघालेला चिखल ओल्या फडक्याने गोळा करायचा, झाडू फिरवायचा नाही. एन-95 मास्क लावायचा. कामाचे कपडे वेगळे, आणि ते बाळाच्या कपड्यांबरोबर मशीनला घालायचे नाहीत. जागेसाठी कुणाचं रिकामं गॅरेज भाड्याने घे. भाडं परवडत नसेल तर तोवर फक्त पॉलिशच्या वस्तू घे, रंगवलेल्या घेऊ नकोस. जुना पाळणा रंगवून द्यायचं काम आलं तर मी स्वतः ते नाकारते, किंवा तासून पार लाकडापर्यंत नेण्याचे पैसे मिळणार असले तरच घेते.

जवसाच्या तेलाच्या चिंध्यांचंही आत्ताच सांगून ठेवते. त्या चुरगाळून कोपऱ्यात टाकल्या तर आपोआप तापून पेट घेतात. ही दंतकथा नाही. तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळ्याच्या आत ती कोंडते. चिंध्या दोरीवर पसरून वाळवायच्या, नाहीतर पाण्याच्या बादलीत टाकायच्या.

पैशाचं बोलू. तू लिहिलंस, ‘सामानाच्या खर्चाच्या दीडपट किंमत लावीन.’ मग एक हिशोब मांडून बघ. दोन दारांचं कपाट 2,500 ला घेतलं. टेम्पो आणि हमाली 800. मिस्त्रीने खिळखिळे सांधे उघडून फेविकॉल लावून पुन्हा बसवले, एक बिजागरी बदलली, त्याचे 700. लाख, रंग, पेपर, ब्रश, नव्या मुठी मिळून 1,600. झाले 5,600. तुझ्या दीडपटीने ते 8,400 ला जाईल आणि तुझ्या हातात 2,800 राहतील. आता त्यात तुझे तास किती गेले? धुणं, घासणं, लांबी, पुन्हा घासणं, लाख, रंगाचे दोन हात, वरचा संरक्षक थर, फोटो, तीन गिऱ्हाइकांशी गप्पा. 22 तास सहज होतात. म्हणजे तासाला सव्वाशेच्या आसपास, आणि त्यातून गॅरेजचं भाडं अजून द्यायचंय. तेव्हा तास आधी लिहून काढ, त्याला दर लाव, मग त्यावर वस्तूची किंमत ठरव. ती बाजारात बसत नसेल तर ती वस्तू घ्यायचीच नाही. लोकांच्या घरच्या वस्तूचं काम करशील तेव्हा निम्मे पैसे आगाऊ घे. लाजू नकोस. आपल्याकडे ओळखीतला माणूस ‘नंतर देतो गं’ म्हणतो तेव्हा तो खरंच नंतर देतो, कधी ते मात्र सांगत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नकोस. दहापेक्षा कमी माणसं असतील तर दुकाने-आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. जीएसटीची मर्यादा निव्वळ माल विकणाऱ्याला वर्षाला 40 लाख, सेवा देणाऱ्याला 20 लाख. तू दोन्ही करणार, म्हणून 20 धरून चाल, आणि राज्याबाहेर माल पाठवायच्या आधी सीएला विचार.

गिऱ्हाईक म्हणजे नुसता पैसे देणारा माणूस असं समजू नकोस. घरची जुनी वस्तू घेऊन येणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारायचा की ही कोणाची. धाकटी सून आजेसासऱ्यांचं लिहायचं टेबल मिंट ग्रीन करायला आणते, आपण अर्धं खरवडतो आणि मोठ्या दिरांचा अमेरिकेतून व्हिडिओ कॉल येतो. टेबलावरच्या ज्या शाईच्या डागाला आपण खराबी समजलो तो त्यांच्यासाठी आजोबा असतो. म्हणून काम सुरू करण्याआधी चारही बाजूंचे फोटो काढायचे, काय जाईल आणि काय राहील हे लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं आणि ‘हो’ असं लेखी उत्तर आल्याशिवाय पेपर हातात घ्यायचा नाही. खणांच्या मागे अडकलेली पोस्टकार्डं, लग्नपत्रिका, नाणी निघतील. ती पाकिटात घालून परत द्यायची.

रंगाचा नमुना दाखवताना मोबाईलवर दाखवू नकोस. हातभर फळीवर तोच रंग, तोच वरचा संरक्षक थर देऊन ती त्यांच्या घरी दोन दिवस ठेव. ट्यूबलाइटमध्ये आणि दुपारच्या उन्हात तोच करडा रंग दोन वेगळे रंग होतो. आणि कडा घासून मुद्दाम जुना दाखवलेला तो परदेशी थाट सगळीकडे चालत नाही. ‘काम अर्धवट राहिलंय का?’ असं विचारणाऱ्या सासूबाई मी पाहिल्यात, आणि त्यांचं अगदीच चुकत होतं असं मला वाटलं नाही. फुलं-पानं काढायचीच असतील तर एकदा सावंतवाडीला जाऊन ये. राजवाड्यात कलाकार गंजिफा, म्हणजे हाताने रंगवायचे जुन्या धाटणीचे पत्ते, रंगवताना बघायला मिळतात. तिथल्या लाखकामाच्या पाटांच्या आणि चौरंगांच्या किनारी बघ. लाल पार्श्वभूमीवर पिवळी वेल किती जागा सोडून फिरते ते वहीत काढून आण. विलायती गुलाबांपेक्षा ते तुझ्या हाताला लवकर बसेल.

वर्षाचं गणित पावसाभोवती फिरतं. जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की फ्रेंच पॉलिश पांढुरकं पडतं, सागवान फुगतं आणि जे दार तू मे महिन्यात झकास बसवलंस ते ऑगस्टमध्ये उघडत नाही. फटीत जागा सोडायला मिस्त्रीकडून शीक. गणपतीआधी चौरंग-पाट, दसरा-दिवाळीआधी कपाटं अशी मागणी येते, आणि नेमके त्याच्या आधीचे महिने वाळण्याला वाईट. पाण्याचा रंग तासाभरात हाताला कोरडा लागतो, पण आतून पुरता कडक व्हायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर त्यावर काही ठेवलं की चिकटतं. हे बिलावरच लिहून दे, नाहीतर नव्या टीपॉयवर कुणीतरी गरम वाफाळता चहा ठेवणारच.

मिस्त्री आणि पॉलिशवाला यांच्याशी नीट वाग. काम झालं त्या दिवशी पैसे दे. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेत भिजवलेली कापसाची पुरचुंडी घेऊन पॉलिशवाला इंग्रजी आठ आकड्यासारखा हात फिरवतो, न थांबता, कारण थांबला की तिथे डाग. ते शेजारी बसून बघ. पॉलिश स्वतः करायला शिकलीस तर उत्तम, पण निदान चांगलं-वाईट ओळखता आलंच पाहिजे.

शेवटी तू विचारलेल्या पहिल्या ऑर्डरबद्दल. शेजारच्या आजींचं ते टेबल फोटोत पाहिलं. कोरीव पाय आणि काळपट जांभळी झाक बघता ते शिसवी आहे असा माझा अंदाज. न दिसणाऱ्या जागी थोडं घासून खात्री कर. शिसवी निघालं तर त्यावर 3,000 रुपयांत निळा रंग मारू नकोस. कोरीवकामात गेलेला रंग परत काढायला रंगवण्याच्या दुप्पट वेळ लागतो, आणि नुसत्या पॉलिशवर त्याची किंमत रंगवलेल्यापेक्षा जास्त येईल. आजींना मुलीसाठी ते न्यू जर्सीला पाठवायचंय म्हणालीस. मग हेही त्यांच्या कानावर घाल, की शिसवी ज्या डालबर्जिया प्रजातीत येतं ती प्रजाती 2017 पासून साइटिस कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या परदेशी व्यापारावर बंधनं घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. परदेशी पाठवायच्या आधी कागदपत्रांची चौकशी कुरिअरवाल्यावर न सोडता स्वतः करावी लागेल.

त्यांच्याशी बोलून काय ठरतं ते कळव. पॉलिश करायचं ठरलं तर माझ्याकडचा पॉलिशवाला दोन दिवस देईल, पण नवरात्राच्या आधी सांग. त्यानंतर तो कुणाला सापडत नाही.

तुझी,
ताई