शाळेतलं मोफत जेवण फक्त गरीब मुलांनाच का देऊ नये?

ऐपत असलेल्या घरांतल्या मुलांना फुकट जेवू घालणं ही उधळपट्टी नाही का, गरजू मुलं निवडून त्यांनाच का देऊ नये, असं तुम्ही विचारलंय. कागदावर हे पटतं. तरी मी म्हणेन, द्यायचं तर शाळेतल्या सगळ्यांना द्या.

निवड करायची म्हणजे उत्पन्नाची मर्यादा ठरवायची, दाखले मागायचे, अर्ज तपासायचे आणि दरवर्षी हे सगळं पुन्हा करायचं. यात आधी गळतो तो ज्याला दाखल्यासाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागते तोच. मर्यादेच्या जरासं वर असलेलं घर बाहेर राहतं. दाखला काढल्यावर चार महिन्यांनी कमावत्याचं काम सुटलं, तर त्या घराचं काय करायचं हे कुठल्याच अर्जात लिहिलेलं नसतं.

त्याहून वाईट म्हणजे लाज. लहान मुलाला काही वाटत नाही, पण तेरा-चौदा वर्षांचं पोर उपाशी राहील, ‘फुकटवाल्यांच्या’ रांगेत उभं राहणार नाही. अमेरिकेत तर जेवणाचे पैसे थकलेल्या मुलांच्या हातावर शिक्के मारले गेले, हातातलं ताट काढून घेऊन अन्न कचऱ्यात टाकलं गेलं. शेवटी २०१७ मध्ये न्यू मेक्सिको राज्याने असल्या प्रकारांवर बंदी घालणारा कायदा केला. (अन्न फेकून नेमके कोणाचे पैसे वाचले, हे मला अजून कळलेलं नाही.)

गरिबांना खरा फायदा कशाने होतो, याचं उत्तर स्वीडनमध्ये सापडतं. तिथे १९५९ ते १९६९ या काळात एकेका भागात करत सगळ्याच मुलांना सकस जेवण सुरू झालं. भाग टप्प्याटप्प्याने जोडले गेल्यामुळे जेवण मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांची पुढे तुलना करता आली. प्राथमिक शाळेची सगळी वर्षं हे जेवण मिळालेल्यांची आयुष्यभराची कमाई सुमारे ३ टक्क्यांनी जास्त निघाली आणि गरीब घरांतल्या मुलांना सगळ्यांत जास्त लाभ झाला. म्हणजे गरिबांचा फायदा व्हायला त्यांना वेगळं काढावं लागलं नाही.

खर्च वाढतो, हे खरंच. पण श्रीमंताकडून वसुली करायची जागा कर ही आहे, त्याच्या पोराचं ताट नव्हे. शिवाय ‘आधी देश श्रीमंत होऊ दे’ हेही मला पटत नाही. फिनलंडने १९४८ पासून सगळ्या विद्यार्थ्यांना मोफत जेवण दिलं, तेव्हा तो देश नुकताच युद्धातून बाहेर पडला होता.

पैसे अगदीच कमी असतील तर मुलं निवडू नका, शाळा निवडा. भारतात सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत जेवण मिळतं, ताट वाढताना घरचं उत्पन्न कोणी विचारत नाही. अमेरिकेनेही २०१० च्या कायद्याने हीच वाट धरली: ज्या शाळेत ४० टक्के मुलं आधीच सरकारी मदतीच्या यादीत असतील, तिथे अर्ज न मागता सगळ्यांना जेवण. २०२३ मध्ये ही अट २५ टक्क्यांवर आणली. किंवा खालच्या वर्गांपासून सुरुवात करा, इंग्लंडने २०१४ मध्ये पहिल्या तीन वर्गांपासून केली तशी.

आणि माझी एक अट: शिक्षकांनीही तेच जेवावं. जिथे फक्त गरिबाघरची मुलं जेवतात तिथे जेवण बिघडलं तरी तक्रार वरपर्यंत पोचत नाही. मुख्याध्यापकांच्या ताटात तेच पडलं, की दुसऱ्या दिवशी पुरवठादाराला फोन जातो.