तोंडी 'हो'च्या भरवशावर व्याख्यान ठेवू नका, ताई

ताई, तुमच्या पोस्टमधलं "साहेबांनी फोनवर करा म्हटलं आहे, आता फक्त हॉल कसा भरायचा ते सांगा" हे वाक्य वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. तालुक्याचं कॉलेज, तासिका तत्त्वावरची नोकरी, विद्यापीठाच्या नावाने तीन जाहीर व्याख्यानं, विषय मानवी हक्क, ओळख आणि संघर्ष, शेवटचं १० डिसेंबरला, आणि प्राचार्य म्हणून राहिले की तुम्हीच बघा. सगळं ओळखीचं आहे. तुम्ही पांढरकवड्याकडच्या, मी धानपट्ट्यातला, एवढाच फरक. बरीच वर्षं कॉलेजात एनएसएसचा (राष्ट्रीय सेवा योजनेचा) कार्यक्रम अधिकारी होतो, अशी व्याख्यानं केली आहेत. मंडप, माईक, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ यावर काही सांगत नाही, ते तुम्हाला येतंच. आणि हो, मी वकील नाही, अनुभवाचं सांगतो, तुमच्या जिल्ह्यात थोडं वेगळं असू शकतं.

हॉल भरायची चिंता नंतर. आधी हे सांगा, त्या 'करा'चा कागद आहे का तुमच्याजवळ?

आमचं जे व्याख्यान बुडालं ते वनहक्कावरचं. बोलायला नागपूरहून एक वकीलबाई, ऐकायला गडचिरोलीतल्या कोरची-कुरखेड्याकडच्या ग्रामसभांची माणसं, आमचे पोट्टे आणि गावातले येतील ते. अर्ज चांगला वेळेत दिला होता. कोणत्या ऑफिसात दिला ते लिहीत नाही, तिथे अजून कामं पडतात. साहेब माणूस म्हणून भला, अर्ज वाचला, चांगला विषय आहे म्हणाले, करा, आणि बाजूला सरकवला. बाबूने ट्रेमध्ये टाकला. पोच मागितली तर बाबू म्हणे, सर, साहेबच हो म्हणून राहिले, आता पोच कायले पाहिजे. नंतर फोन केला की "होऊन जाईल", पुन्हा केला की "फक्त सही राहिली आहे". व्याख्यानाच्या दिवशी सकाळी, गावची माणसं आदल्या संध्याकाळच्या एसटीने येऊन होस्टेलात मुक्कामी, बाईही येऊन पोचलेल्या, मागे भात शिजून राहिला, आणि फोन येतो की तुमचा अर्जच आमच्याकडे नाही, कार्यक्रम घेऊ नका.

प्राचार्यांनी हॉलला कुलूप लावलं. त्यांना मी दोष देत नाही, म्हणजे थोडा देतो, पण त्यांची पेन्शन जवळ आली होती.

आता एवढ्या लांबून आलेल्या माणसांना उठा कसं म्हणणार? ती होस्टेलच्या व्हरांड्यातच बसली, बाईही बसल्या, गप्पा सुरू झाल्या. त्यात गोवारी समाजाचे एक आजोबा होते. त्यांनी विचारलं, बाई, माह्या शेजारी गोंड आहे, त्याचं अन् माझं शेत एकाच बांधावर, दोघंही बापजाद्यापासून कसून राहिलो, मग त्याला कागद कमी आणि मला जास्त काहून मागता? प्रश्न बरोबर होता. गोंड अनुसूचित जमातीत मोजतात, गोवारी नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात अनुसूचित जमातीच्या माणसाला १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा दाखवावा लागतो, पण 'इतर पारंपरिक वननिवासी' असला तर त्या तारखेआधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं तिथे राहिल्याचा पुरावा लागतो. बाईंनी समजावलं की गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे लिहून घेतलेले जबाबसुद्धा नियमात पुरावा म्हणून चालतात, फक्त एकाच पुराव्यावर भागत नाही, दुसरा काहीतरी जोडावा लागतो. हे तिथे बसलेल्या बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं. आता सांगा, ओळख, हक्क, संघर्ष, तिन्ही एका प्रश्नात आले की नाही? कोणत्या परिसंवादात मी एवढा नेमका प्रश्न ऐकला नाही, आणि तो ऐकायला ना विद्यार्थी, ना रेकॉर्डिंग, कारण पोट्ट्यांना 'कार्यक्रम रद्द' म्हणून घरी पाठवलं होतं.

थोड्या दिवसांनी मला कारणे दाखवा नोटीस आली, विनापरवानगी कार्यक्रम का घेतला म्हणून. आणि नोटिशीत वर काय होतं माहीत आहे? संदर्भ : आपला अर्ज, दिनांक अमुक अमुक. जो अर्ज त्यांच्याकडे नव्हताच, तो! मी उत्तरात एवढंच लिहिलं की संदर्भात दिलेल्या अर्जाची आवक नोंदीसह प्रत मिळावी. नोटीस तिथेच थंड पडली. पण बाईंचा प्रवासखर्च, लोकांचं एसटीभाडं, जेवण याचं बिल लावलं तर उत्तर आलं की कार्यक्रम झालाच नाही. म्हणजे नोटिशीसाठी झाला आणि बिलासाठी नाही झाला. पैसे खिशातून गेले ते गेले, पण ती माणसं एका दिवसाची मजुरी पाडून आली होती, त्यानंतर कॉलेजचं बोलावणं गेलं की ग्रामसभेतून "पाहू" एवढंच यायचं. मला ते जास्त लागलं. अजून लागते.

म्हणून सांगतो, साहेब कितीही गोड बोलो, अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. आवक क्रमांक, म्हणजे त्यांच्या रजिस्टरातला नोंदीचा नंबर, महत्त्वाचा, नुसत्या सहीला काही अर्थ नाही, "ती माझी सही नाही" म्हणणारे पण आहेत. बाबू नाहीच म्हणाला तर भांडू नका, त्याच दिवशी पोस्टात जाऊन स्पीड पोस्टाने पाठवा, पावती फाइलला लावा, ईमेलही करा. फोनवर जे बोलणं झालं ते संध्याकाळी "आजच्या दूरध्वनीवरील चर्चेनुसार" असं लिहून मेल करून टाका. काही जण अर्जातच लिहितात की अमुक तारखेपर्यंत उत्तर न आल्यास संमती समजू. लिहा हवं तर, पण त्यावर विसंबू नका, तुमच्या लिहिण्याने परवानगी मिळत नसते. माहिती अधिकार आहेच, पण त्याची मुदत ३० दिवसांची, व्याख्यान होऊन जाते तोवर, तो नंतरच्या भांडणासाठी ठेवा.

पोलीस स्टेशनलाही माहितीचं पत्र द्या, कॉलेजच्या आत असलं तरी. जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा मनाई आदेश चालू आहे का ते विचारून घ्या, सणासुदीला आणि आंदोलनाच्या दिवसांत तो निघतोच. निवडणुकीची आचारसंहिता असली तर पाहुणे कोण ते दोनदा तपासा.

आता तारीख. १० डिसेंबर काहून, तर १९४८ साली त्या दिवशी संयुक्त राष्ट्रांत मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला म्हणून. ठीक आहे, पण आपल्याकडे तो दिवस गावच्या माणसासाठी वाईटच. तुमच्याकडे कापूस वेचणी ऐन जोरात, आमच्याकडे धानाची चुरणी आणि खरेदी केंद्रावर नंबर. ६ तारखेला चैत्यभूमीला गेलेली माणसं नुकती परतलेली असतात. त्यात नागपूरचं हिवाळी अधिवेशन, म्हणजे पोलीस बंदोबस्ताला, कार्यकर्ते मोर्चाला आणि तुमचा वक्ता कोणत्यातरी धरणे मंडपात. कागदावर १० डिसेंबर साजरा करायचाच असेल तर विद्यार्थ्यांपुरता करा, आणि जाहीर व्याख्यान जानेवारीत न्या, आठवडी बाजाराच्या दिवशी. बाजाराला माणूस येतोच. पण शेवटच्या मुक्कामी गाडीच्या आधी संपवा, नाहीतर आभारप्रदर्शन खुर्च्यांसमोर होईल.

खेड्यातला माणूस भाषणाला बसत नाही, असं जे सिनियर लोक तुम्हाला सांगतील त्यांचं ऐकू नका. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे या पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, तोच माणूस थंडीत अख्खी रात्र नाटक बघतो. तो बसतो, त्याच्या कामाचं असलं तर बसतो. वक्ते येतात आणि पाऊण तास जाहीरनाम्याची ३० कलमं वाचतात, मग म्हणतात जनजागृती नाही.

वक्त्याला आधी फोन करून इथलं सांगा. जगातलं बोलू नये असं नाही हं. एका प्राध्यापकांनी रवांडावर सांगितलं होतं, तिथे ओळखपत्रावर हुतू की तुत्सी ते लिहिलेलं असायचं आणि १९९४ मध्ये नाक्यानाक्यावर ते कार्ड बघून माणसं मारली. हॉल एकदम चूप. कारण कागदावर जात लिहिलेली असणं म्हणजे काय हे जातीच्या व्हॅलिडिटीसाठी (पडताळणीसाठी) आजोबाचा दाखला शोधत फिरलेल्या पोराला सांगावं लागत नाही. त्याच १९९४ च्या २३ नोव्हेंबरला नागपुरात अधिवेशनावर गेलेल्या गोवारी मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जणांचा जीव गेला, बायापोरं जास्त. मागणी काय होती, तर आम्हाला अनुसूचित जमातीत मोजा. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. रवांडाची आणि याची तुलना मी करत नाही, तो नरसंहार होता, कोणी तसा अर्थ काढू नका. पण विदर्भात ओळख आणि हक्क या विषयावर दीड तास बोलून गोवारींचं नाव न घेणारा वक्ता मला पुन्हा बोलवावासा वाटत नाही. माझं मत आहे, पटलं तर घ्या.

तुमच्याकडे कोलाम पोडावरची (कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची) माणसं आली तर त्यांना पहिल्या रांगेत बसवून फोटो काढू नका, हे मुद्दाम सांगतो. आजकाल नॅकसाठी (कॉलेजच्या मूल्यांकनासाठी) जिओटॅग, म्हणजे जागेची नोंद असलेला, फोटो पाहिजे म्हणून अर्धी व्याख्यानं होऊन राहिली, बॅनर सरळ आला की वक्ता काय बोलला याच्याशी कोणाला घेणं नाही. जाऊ द्या. त्यांना बोलायला वेळ ठेवा, आणि त्यांची भाषा येणारा कोणीतरी सोबत ठेवा, शक्यतो त्यांच्याच पोडावरचा शिकलेला पोरगा, कॉलेजचा शिपाई नाही.

आणि वक्त्याकडून एक गोष्ट वदवून घ्याच. मानवी हक्क आयोगाकडे तक्रार साध्या कागदावर करता येते, फी लागत नाही, पण घटना घडून एक वर्ष उलटलं की आयोग चौकशी करू शकत नाही, १९९३ च्या कायद्यातच तसं आहे. आपल्याकडची माणसं तहसील, ठाणे, पुढारी करत वर्ष घालवतात आणि मग मुंबईला आयोगाकडे अर्ज धाडतात.

मानधनाचं बिल त्याच दिवशी पूर्ण करा, वक्ता गाडीत बसायच्या आधी. पॅनची झेरॉक्स, रद्द केलेला चेक, रेव्हेन्यू तिकिटावर सही. नंतर "कुरिअर करतो" म्हणतात, कोणी करत नाही. आणि स्वतःचे पैसे घालू नका ताई, तासिकेचं मानधनच तुम्हाला कधी मिळते ते मला माहीत आहे.

हां, पोस्टरवर कोणाकोणाचे फोटो टाकायचे ते विचारलं होतं तुम्ही. एका पुढाऱ्याचा टाकला की दुसऱ्याचा माणूस विचारायला येतो, म्हणून मी कोणाचाच टाकत नव्हतो. वक्त्याचं नाव, विषय, चहा आहे हे, आणि परतीच्या गाडीची वेळ मोठ्या अक्षरात. अर्जाचा मसुदा पाहिजे असेल तर मेसेज करा, पाठवतो.