वाचकांचे प्रश्न: गाडीवर बांधायचं तरी किती?

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की मोटरसायकलवर लांबच्या राइडला निघताना सामान कसं भरता, तर उत्तरं चार आणि प्रश्न ढीगभर असं झालं. सगळे घेता येणार नाहीत. ज्यांनी फक्त "कुठल्या कंपनीची बॅग बेस्ट?" एवढंच लिहिलंय त्यांनी खालचं वाचा, बॅगेच्या कंपनीने फारसा फरक पडत नाही हे लक्षात येईल.

प्रश्न: रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० आहे. जूनमध्ये मी आणि बायको मनाली ते लेह करणार आहोत. सॅडलबॅग (सीटच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या), टेल बॅग (सीटच्या मागची), टँक बॅग (पेट्रोलच्या टाकीवरची) घेतल्या, तरी सामान उरतंय, ते बायकोच्या पाठीवरच्या सॅकमध्ये टाकू का? मित्र म्हणतो अॅल्युमिनियमचे पॅनियर, म्हणजे बाजूला लागणारे कडक डबे, लाव, सगळं बसेल. (सांगली)

मित्र बरोबर बोलतोय, सगळं बसेल. पण प्रॉब्लेम जागेचा नाहीये ना, वजनाचा आहे. गाडीचं मॅन्युअल काढा, त्यात जास्तीत जास्त किती वजन चालेल ते दिलेलं असतं, त्यातून गाडीचं स्वतःचं वजन वजा करा (तुमची १९५ किलोची आहे), मग तुम्ही दोघं वजा करा, आणि दोघांचं हेल्मेट, जॅकेट, बूट, गार्ड हे सगळं अंगावर घालून काट्यावर उभं राहा, कारण हे पण वजनच आहे आणि ते कोणी धरत नाही. जे उरेल ते बघून तुमचं तुम्हालाच कळेल की सॅक कुठे टाकायची, ती घरीच टाकायची.

अॅल्युमिनियमचे दोन डबे आणि त्यांचा रॅक मिळून रिकामेच १२-१५ किलोपर्यंत जातात. म्हणजे एक चड्डी न भरता एवढं वजन झालं. शिवाय चिखलात किंवा वाळूत गाडी आडवी झाली की कडक डब्याखाली पाय सापडतो, कापडी बॅग दबते तरी. डब्यांचा फायदा एकच, कुलूप लागतं, शहरात हॉटेलबाहेर गाडी लावायची असेल तर बरं पडतं. तुमच्या ट्रिपला कापडीच ठेवा.

आणि सॅक वहिनींच्या पाठीवर अजिबात नको. तासाभरात खांदे भरून येतात, नंतर ती सीटवर टेकते आणि प्रत्येक खड्ड्याला वर ढकलते. पडलात तर पाठीला लागेल ते वेगळंच.

आता जे नेणार आहात ते कुठे ठेवायचं, कारण लोक इथेच चुकतात. जड वस्तू खाली आणि पुढे, म्हणजे सॅडलबॅगच्या तळाशी, मागच्या चाकाच्या आसाच्या जेवढं पुढे सरकवता येईल तेवढं पुढे. टेल बॅग मागे लटकते, तिच्यात फक्त हलकं, डाउन जॅकेट, थर्मल, मोजे, टॉवेल. तिच्यातच तुम्ही पाण्याच्या बाटल्या आणि चेन लॉक भरलंत तर पुढचं चाक हलकं होतं, हँडल हातात राहत नाही आणि ऐंशीच्या वर गेलात की गाडी मागून डोलायला लागते, मग लोक म्हणतात टायर खराब आहे, अलाइनमेंट गेलंय. काही गेलेलं नसतं हो, टेल बॅग उघडून बघा. दोन्ही सॅडलबॅगांचं वजन सारखं हवं, घरातल्या लगेजच्या लटकवायच्या काट्यावर मोजा. उजवीकडे सायलेन्सर आहे, तिथे बॅग आणि पाइप यांच्यात चार बोटं जागा राहायलाच हवी, आणि ही जागा गाडी स्टँडवर असताना न बघता दोघं बसल्यावर कुणालातरी खाली वाकून बघायला सांगा, कारण शॉकअप दबला की बॅग खाली येते आणि नायलॉन वितळल्याचा वास येईपर्यंत कळत नाही.

मागचा शॉकअप कडक करून घ्या, टायरची हवा डबलसीटला कंपनीने जेवढी सांगितलीय तेवढी भरा. मागचं बूड बसल्यामुळे हेडलाइट वर बघायला लागतो, तोही खाली करून घ्या, नाहीतर समोरचे शिव्या देतील.

पेट्रोलचं म्हणाल तर मनालीहून पुढे गेलात की लागणारा टांडी गावाचा पंप, तो "पुढचा पंप ३६५ किलोमीटर" वाला बोर्ड जिथे सगळे फोटो काढत आलेत, तिथे टाकी फुल करायची. तुमची टाकी १३ लिटरची, डबलसीट, लोड, चढ, धरून चाला की घरच्याएवढं अॅव्हरेज मिळणार नाही. जादा ५ लिटर घ्या, त्याचं वजन पावणेचार किलोच्या आसपास होतं, पण ते योग्य जेरीकॅनमध्ये, सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला, बॅगेच्या बाहेर. कोल्ड्रिंकच्या बाटलीत पेट्रोल भरून कपड्यांच्या बॅगेत ठेवणारे लोक मी बघितलेत, त्यांच्या मागे शंभर फुटावर पण मी गाडी ठेवत नाही.

थंडीसाठी एक जाड स्वेटर नेण्यापेक्षा तीन पातळ थर न्या. वाटेतली टांगलांग ला ही खिंड ५,३०० मीटरच्या वर आहे, तिथे वारा कापतो आणि खाली उतरलात की तासाभरात जॅकेटच्या चेन उघडाव्या लागतात. दुपारनंतर बर्फ वितळून नाले भरतात, सॅडलबॅगचं पोट पाण्यात जातं, म्हणून खालचं सगळं प्लास्टिकच्या आत. प्रीपेड सिम बाहेरच्या राज्यातलं तिकडे चालत नाही, दोघांपैकी एकाचं तरी पोस्टपेड करून घ्या. लेह ३,५०० मीटरवर आहे, उंचावर त्रास होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, मला नको.

निघायच्या आठवडाभर आधी सगळं बांधून, दोघं बसून आंबा घाट चढून-उतरून या. पट्टे पहिल्या पन्नास किलोमीटरमध्येच सैल पडतात, परत आवळा. आणि घरी आल्यावर ज्या वस्तू बघून "हे कशाला घेतलं" असं वाटलं त्या तिथेच बाहेर काढा.

प्रश्न: बंजी कॉर्डने बांधलं तर चालत नाही का? शंभर रुपयात काम होतं. (औरंगाबाद रोड, नगर)

कॉलेजपर्यंत जॅकेट न्यायला चालतं. लांबच्या राइडला नाही. ती ताणते म्हणून सामान हलतं, हललं की अजून ताणते, मग हूक सुटतो आणि सुटलेली दोरी सरळ चेनमध्ये किंवा मागच्या चाकात जाते, चाक जाम, पुढचं मी लिहीत नाही. आणि बांधताना तोंड जवळ नेऊ नकोस, लोखंडी हूक निसटून डोळ्यात जातो. बकलवाले न ताणणारे पट्टे घे, दोन घे, एकमेकांना आडवे बांध, आणि उरलेली शेपटी गुंडाळून रबर लाव. पैसे नसतील तर पंक्चरवाल्याकडून सायकलची जुनी ट्यूब माग, फुकट देतो, लांब पट्ट्या काप, अख्ख्या गावाकडे दुधाचे कॅन यावरच जातात.

प्रश्न: मी जुलैमध्ये एकटी अलिबागहून गोव्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जाणार आहे. मागच्या वर्षी महाबळेश्वरला रेनकव्हर असूनही आतले सगळे कपडे ओले झाले. महागडं रेनकव्हर घेऊ का? (डोंबिवली)

ताई, नको घेऊस. रेनकव्हर वरून झाकतं, आणि कोकणातल्या पावसात पाणी येतं खालून, मागच्या चाकाने उडवलेलं, ते कव्हरमध्ये साठतं आणि बॅग त्यात बसून राहते. वाऱ्याने कव्हर फुगून उडून चाकात गेलं तर अजून ताप. पाणी आत येणारच असं धरून चालायचं आणि आतल्या वस्तू वेगवेगळ्या सुक्या ठेवायच्या.

रोल टॉपवाल्या ड्राय बॅगा मिळतात, लहान-लहान तीन घे, एक मोठी नको. भरताना गुडघ्याने दाबून हवा काढायची, तोंडाच्या दोन्ही पट्ट्या जुळवून कमीत कमी तीन घड्या घालायच्या आणि मगच बकल लावायचं, बरेच जण एकच घडी मारतात आणि मग बॅगेला नावं ठेवतात. एकीत रात्रीचे सुके कपडे, ती दिवसभर उघडायचीच नाही, काही झालं तरी. दुसरीत चार्जर, पॉवरबँक, औषधं. तिसरी रिकामी, ओल्या कपड्यांसाठी, कारण जुलैत तिकडे धुतलेलं काही वाळत नाही, म्हणून कॉटन आणि जीन्स घरी ठेव, सिंथेटिकचे दोन जोड पुरतात, रात्री पिळून पंख्याखाली टाकायचे.

जॅकेटच्या आत लावायचा जो रेन लायनर (पाणी अडवणारं अस्तर) येतो तो लावला तरी बाहेरचं जॅकेट भिजतं, दोन किलो जड होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच थंडगार अंगात घालायचं. त्यापेक्षा वरून घालायचा रेनसूट घे, भडक रंगाचा, आणि तो सगळ्यात वर ठेव, कुठलीही बॅग न उघडता हाताला आला पाहिजे. पाऊस सुरू झाल्यावर पेट्रोल पंपावर बॅगेतलं सगळं बाहेर काढून रेनसूट शोधणारे दर पावसाळ्यात दिसतात. ग्लोव्ह्जचा दुसरा जोड घे. व्हायजर, म्हणजे हेल्मेटची काच, आतून धुकटतो त्याला भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब चोळून कोरड्या फडक्याने पुसून टाकायचा.

आगरदांडा ते दिघी, वेसवी ते बागमांडला, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड, या फेरीबोटींमध्ये गाडी चढते, पण पावसात समुद्र बघून त्या दिवशी चालू आहे का ते आदल्या रात्री विचारून घे. बोटीत गाडी साइड स्टँडवर सोडून वर फोटो काढायला जाऊ नकोस, गिअरमध्ये टाक आणि धरून उभी राहा. वाळूत स्टँड रुततो, त्याच्याखाली ठेवायला एक चपटा लाकडाचा तुकडा टँक बॅगमध्ये असू दे. पॅड किंवा कप, जे वापरत असशील, तेही टँक बॅगमध्येच, सॅडलबॅगच्या तळाशी नको, आणि वापरलेल्यासाठी काळ्या झिपवाल्या पिशव्या, मधल्या गावांमध्ये कचऱ्याचा डबा सापडत नाही.

प्रश्न: रॉयल एनफिल्डची जुनी हिमालयन ४११ आहे. पंक्चर किट घेतलंय, अजून कुठले स्पेअर घेऊ? (चिंचवड)

आधी ते किट दुकानदाराला परत दे. तुझ्या गाडीला स्पोकची चाकं आणि आत ट्यूब आहे, वाती खुपसायचं ट्यूबलेसचं किट तिथे काही कामाचं नाही. पुढची २१ इंचाची ट्यूब घे, अडचणीत तीच मागच्या १७ इंची चाकात पण कोंबून पुढच्या गावापर्यंत जाता येतं, उलटं होत नाही. टायर लिव्हर (टायर उचकटायच्या लोखंडी पट्ट्या), हवेचा छोटा पंप, आणि घरी एकदा स्वतः चाक खोलून ट्यूब बदलून बघ, ते न करता नुसती हत्यारं नेणार असशील तर वजनच आहे ते.

क्लच केबल नवीन घेऊन बॅगेत ठेवू नकोस, जुन्या केबलच्या शेजारूनच ओवून झिप टायने बांधून टाक, तुटली की फक्त दोन टोकं बदलायची. क्लच आणि ब्रेकचा एकेक लिव्हर, फ्यूज, चेन जोडायची लॉकची कडी, एम-सील, थोडी तार. इन्सुलेशन टेपचं आख्खं रीळ नको, टायर लिव्हरलाच पंधरा-वीस वेढे मारून ठेव. अंघोळीचा साबण तर नेणारच आहेस, टाकीतून पेट्रोल झिरपायला लागलं तर तोच चिरेवर घासून दाबायचा, मेकॅनिकपर्यंत पोचवतो. हत्यारांची गुंडाळी कपड्यांच्या खाली नको, भर पावसात हायवेवर चड्ड्या मांडून बसावं लागतं.

प्रश्न: पुण्याहून गाडी झेलम एक्स्प्रेसने जम्मूला पाठवतोय. बॅगा गाडीलाच बांधून पाठवल्या तर चालतील? (हडपसर)

नाही. गाडीवर काहीही ठेवू नका, आरसे पण काढून घ्या. टाकी पूर्ण रिकामी लागते, त्याशिवाय बुक करत नाहीत, आरसी आणि ओळखपत्राच्या झेरॉक्स न्या, गोणपाटाचं पॅकिंग स्टेशनवर करून देणारे असतात. हँडल, टाकी आणि इंडिकेटर यांना जादा गुंडाळायला सांगा. उतरल्यावर पहिलं पेट्रोल लागेल, जवळचा पंप आधी बघून ठेवा.

प्रश्न: वय ६१. दिवाळीनंतर स्प्लेंडरवर नर्मदा परिक्रमा करायची आहे. मुलगा म्हणतो बाबा, तंबू, स्टोव्ह, स्लीपिंग बॅग सगळं घ्या. (नाशिक)

काका, मुलाला काळजी आहे, पण तंबू आणि स्टोव्ह त्याच्याकडेच ठेवा. परिक्रमेच्या वाटेवर आश्रम आणि धर्मशाळा आहेत, जेवण आणि टेकायला जागा मिळते, तुम्हाला लागेल ती पातळ सतरंजी, आणि स्लीपिंग बॅग मात्र घ्याच, अमरकंटकला डिसेंबर-जानेवारीत थंडी हाडात शिरते. १०० सीसीच्या गाडीवर एकट्याला दोन लहान सॅडलबॅगा आणि सीटवर एक आडवी बॅग बस्स झाली. ती आडवी बॅग पाठीला टेकेल अशी बांधा, लांबच्या पल्ल्याला कंबरेला आधार होतो.

कपडे दोन जोड, गरम एक, टॉवेल पातळ. थाळी-वाटी स्टीलची एक. मेतकूट आणि भाजणी घ्या, दाण्याची चटणी कोरडी घ्या, तेलातली घेतलीत तर डबा कितीही घट्ट लावा, ती दुसऱ्या दिवशी धोतराला लागणार. बीपीच्या वगैरे गोळ्या दोन ठिकाणी वाटून ठेवा, अर्ध्या खिशात, अर्ध्या बॅगेत. कागदपत्रं डिजिलॉकरमधली चालतात पण रेंज नसेल तिथे काय उघडणार, म्हणून मूळ आरसी आणि लायसन्स प्लास्टिकमध्ये घालून शर्टाच्या आत.

मैया उजव्या हाताला ठेवायची आणि पात्र ओलांडायचं नाही हे तुम्हाला सांगायला नको, पण मोबाइलचा मॅप हे पाळत नाही, तो जवळचा म्हणून सरळ पुलावरून नेतो. कागदी नकाशा टँकवर लावा आणि गावात विचारत जा. नर्मदाजलाची कुपी बॅगेत आडवी घालू नका, हँडलजवळ छोट्या पाऊचमध्ये उभी बसवा, झाकणाला वरून टेप. आणि गाडीचं सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी नको, पंधरा दिवस आधी करा म्हणजे मेकॅनिकने काही सैल सोडलं असेल तर ते नाशकातच कळेल.