आठ दिवसांत आलेलं ऑफर लेटर

तुझा प्रश्न असा: मेकॅनिकलची डिग्री झाली आहे, राजारामपुरीतल्या एजंटनं जर्मनीतल्या एका खाजगी विद्यापीठाचं ऑफर लेटर आठ दिवसांत आणून दिलं, आणि सरकारी विद्यापीठाकडून दहा आठवडे झाले तरी उत्तर नाही. खाजगीचा पहिला हप्ता शुक्रवारपर्यंत भरायचाय. भरू का?

माझं ऐकशील तर भरू नकोस.

मी शाहूपुरीची. नऊ वर्षांपूर्वी इकडं जर्मनीत आले, आता एका सरकारी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागात काम करते. तुझ्यासारख्यांचे अर्ज रोज हातात येतात. खाजगी संस्था तुझ्या फीवर चालते आणि एजंटला बहुतेक वेळा तिच्याकडूनच कमिशन मिळतं, म्हणून कागद पटकन हलतो. सगळ्याच खाजगी संस्था वाईट नसतात, पण ती राज्यमान्य आहे का एवढं तरी आधी बघ. सरकारी विद्यापीठात बहुतेक राज्यांत शिकवण्याची फीच नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या मुलांकडून २०१७ पासून सत्राला १५०० युरो घेतात.

मग उशीर का? पुष्कळ विद्यापीठांचे अर्ज आधी युनि-असिस्ट या परदेशी अर्ज तपासणाऱ्या संस्थेकडं जातात. तिथं कागद तपासून मार्क जर्मन पद्धतीत बसवतात. इथं १ म्हणजे उत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास. समज, तुझा सीजीपीए १० पैकी ८ आहे. पासिंग ४ ला असेल तर तुझे होतात २.०, पासिंग ५ ला असेल तर २.२. कारण कमाल ग्रेडमधून तुझी ग्रेड वजा करायची, कमाल आणि पासिंगमधल्या फरकानं भागायचं, तीननं गुणून एक मिळवायचा. म्हणून या दोन्ही आकड्यांचं पत्र विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून सही-शिक्क्यानिशी घेच.

त्यानंतर समिती तुझा एकेक विषय आपल्या विषयाशी ताडून बघते. खरी अडचण इथं येते. युरोपातलं एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, त्यात घरचा अभ्यासही धरलेला. आपलं क्रेडिट मुख्यतः आठवड्याच्या तासिकेवर मोजलेलं. मी नुसती विषयांची नावं असलेलं ट्रान्स्क्रिप्ट पाठवलं होतं. समितीनं विचारलं, ‘थर्मोडायनॅमिक्समध्ये नेमकं काय शिकलात, किती तास?’ बाबा चार वेळा कॉलेजात गेले, जुना सिलॅबस कुणाला सापडेना. शेवटी माझ्या एका मैत्रिणीच्या माळ्यावर त्याची झेरॉक्स निघाली. बाबांनी तिच्या पानापानावर शिक्का मारून आणला, तोवर मुदत टळली होती. माझे सहा महिने गेले. आज अर्ज उघडला की मी सगळ्यात आधी सिलॅबस शोधते आणि तो नसला की जीव हळहळतो, कारण पोरगं हुशार असतं.

पैशाचं थोडक्यात सांगते. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटवर सध्या वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, त्यातले महिन्याला ९९२ हातात येतात. तुझी डिग्री आणि कागद खरे असल्याचं एपीएस प्रमाणपत्र लागतं, त्याची फी १८ हजार रुपये, ते आधीच करून ठेव. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, पण पहिल्या सत्राचा खर्च त्यावर धरू नकोस. अनुसूचित जातीतला असशील तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिचे निकष समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचार.

आणि खोली! शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात पहिलं बोर्डिंग काढलं, कारण खेड्यातल्या पोराला शाळेत प्रवेश मिळाला तरी राहायचं कुठं हा प्रश्न उरायचाच. इथंही तेच आहे. प्रवेश झालेली मुलं खोलीविना वणवण करताना मी दर ऑक्टोबरला बघते. विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज निकालाची वाट न बघता जिथं भरता येतो तिथं आजच भर.

सरकारी विद्यापीठाला एक साधा मेल टाक, अर्ज क्रमांक लिहून, ‘माझ्या कागदांत काही कमी आहे का?’ एवढंच विचार. आणि तुझ्या मार्कलिस्टच्या दोन्ही बाजूंचा फोटो मला पाठव, ग्रेडचा तक्ता बहुधा मागच्या बाजूला असतो. शुक्रवारच्या आत बघून सांगते.