पावडर कोटिंग बूथमध्ये (जिथे धातूच्या वस्तूंवर रंगाची पावडर फवारतात) भडका उडतो, तो स्फोटच म्हणायचा का?

हो, पण तो डेटोनेशन (आवाजापेक्षा वेगाने पसरणारा स्फोट) नव्हे, डिफ्लॅग्रेशन. यात ज्वाला उष्णतेने शेजारचा थर पेटवत पुढे सरकते, तिचा वेग आवाजापेक्षा कमी. उघड्यावर नुसता भडका उडतो. तोच डक्टमध्ये (हवा वाहून नेणाऱ्या नळीत) किंवा सायक्लोनमध्ये (हवा गोल फिरवून पावडर वेगळी करणाऱ्या यंत्रात) कोंडला की दाब वाढून पत्रा फाटतो.

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या युनिटांत आधी जॉब, म्हणजे कोटिंगची वस्तू, टांगायचे हुक बघा. त्यावर पावडरचे थर चढले की जॉबचं अर्थिंग तुटतं आणि साठलेला चार्ज ठिणगी होऊन उडतो. हुक वेळच्या वेळी जाळून किंवा घासून साफ करा. जॉबपासून अर्थपर्यंतचा रोध १ मेगाओमच्या आत हवा. पावडरची स्फोटमर्यादा (हवेत किती पावडर असली की ती पेटू शकते तो आकडा) माहीत नसेल तर बूथच्या हवेत तिचं सरासरी प्रमाण दर घनमीटरला १० ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नका. एक्झॉस्ट बंद पडला की पावडर फवारणारी गनही आपोआप बंद, असा इंटरलॉक हवाच.

खरा घात दुसऱ्या भडक्यात होतो. पहिल्याच्या धक्क्याने तुळयांवरची धूळ उडते आणि अख्खी शेड पेटते. म्हणून कॉम्प्रेसरच्या हवेने झाडझूड कधीच नको. ज्वलनशील धुळीसाठी बनवलेला, अर्थ केलेला व्हॅक्यूमच वापरा. ॲल्युमिनियम बफिंगची (घासून चकाकी आणतानाची) धूळ तर या डक्टमध्ये मुळीच सोडू नका, ती पावडरपेक्षा कितीतरी जोरात पेटते.