सहीच्या आधी साउंडिंग

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बिल्ज होल्डिंग टाकीत (इंजिनरूमच्या तळाशी साचणारं तेलकट पाणी जिथं साठवतात तिथं) पुस्तकाप्रमाणे, म्हणजे ऑइल रेकॉर्ड बुक या तेल आणि तेलकट पाण्याच्या नोंदवहीप्रमाणे, ९.४ घनमीटर पाणी हवं होतं, साउंडिंग घेतल्यावर, म्हणजे पाइपातून टेप टाकून खोली मोजल्यावर, ६.१ निघालं आणि सेकंड इंजिनिअर म्हणाला, ‘ट्रिममुळे होतं तसं, जुळवून घे.’ आता सही करू की नको, असं तू विचारतोस. समुद्र स्वच्छ का ठेवायचा, हे मी तुला सांगत बसणार नाही. ते पटलेलं नसतं तर तुझी झोप उडाली नसती. माझं उत्तर एवढंच : जो आकडा स्वतः मोजला, त्याखालीच सही.

पण आधी सेकंडवर अन्याय नको. ट्रिमने, म्हणजे जहाज पुढं किंवा मागं झुकल्यानं, खरोखर किती फरक पडतो, ते कागदावर मांड. समजा टाकी ६ मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि साउंडिंग पाइप तिच्या मागच्या टोकाला. म्हणजे टाकीच्या मध्यापासून पाइप ३ मीटरवर. जहाज १८० मीटर लांब आणि २ मीटर मागे झुकलेलं. ३ गुणिले २ भागिले १८०, म्हणजे सव्वातीन सेंटिमीटरच्या आसपास. टाकीचं क्षेत्रफळ १५ चौरस मीटर, म्हणजे फरक अर्धा घनमीटर. तुझ्या टाकीत ३.३ घनमीटर कमी आहे. ‘बाष्पीभवन’ हेही उत्तर चालणार नाही. तापवलेल्या स्लजच्या (इंधनातून निघणाऱ्या तेलकट गाळाच्या) टाकीतून पाणी उडतं आणि त्याची नोंदही होते, पण थंड बिल्ज टाकीतून एका रात्रीत तीन टन पाणी वाफ होऊन जात नाही.

तरीही पुन्हा मोज, आणि नीट मोज. तुमच्या पिढीला रिमोट गेजचा आकडा बघून मोकळं व्हायची सवय आहे, ती सोड. टेपचं वजन तळाच्या पट्टीला हलकेच टेकलं पाहिजे. टेप सैल सोडलीस तर आकडा वाढून येतो. पाइपची पूर्ण उंची साउंडिंगच्या तक्त्यावर दिलेली असते. वरची रिकामी जागा आणि खालची खोली यांची बेरीज त्या उंचीला पोचत नसेल, तर पाइपच्या तळाशी गाळ साचलाय आणि तू गाळावर वजन टेकवून परत येतोयस. टेपला पाणी शोधणारी पेस्ट लाव, म्हणजे तेल कुठं संपतं आणि पाणी कुठं सुरू होतं ते वेगळं वाचता येईल. जहाज डुलत असेल तर तीन-चार वाचनांची सरासरी घे. ट्रिम आणि कलंडीची दुरुस्ती तक्त्याच्या योग्य पानावरूनच घे. (आणि पाइपचा कॉक बंद कर, झाकण लाव. उघड्या साउंडिंग पाइपने इंजिनरूमला आगी लावल्या आहेत.) एवढं करूनही ६.१ च आलं तर पुस्तकात ६.१ च जाणार. दुसरा आकडा नाही.

‘सगळीकडे असंच चालतं’ हे वाक्य मला पुन्हा लिहून पाठवू नकोस. सगळीकडे चालत नाही. आणि जिथं चालतं तिथंही तपासनीस इंजिनरूममध्ये उतरण्याआधी टेबलावरच अर्धं काम उरकतो. आयओपीपी प्रमाणपत्राच्या (तेल-प्रदूषण रोखण्याबद्दलच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राच्या) पुरवणीत प्रत्येक टाकीचं आकारमान, पाण्यातून तेल वेगळं करणाऱ्या सेपरेटरची क्षमता आणि स्लज जाळणाऱ्या इन्सिनरेटरची क्षमता लिहिलेली असते. सेपरेटर ताशी ५ घनमीटरचा आणि पुस्तकात दोन तासांत १४ घनमीटर बाहेर गेलेलं दिसलं, की त्याला पुढं काही विचारावं लागत नाही. स्लजचंही तेच. जड इंधन वापरणाऱ्या जहाजावर रोजच्या खपाच्या साधारण एक ते दीड टक्का स्लज निघतो. रोज ३० टन जळत असेल तर ०.३ ते ०.४५. तुमच्या पुस्तकात महिनोन्‌महिने ०.१ दिसत असेल, तर उरलेला गेला कुठं? त्यात २००५ पासून बसवलेल्या पंधरा पीपीएमच्या (पाण्याच्या दहा लाख भागांत तेल पंधरा भागांवर गेलं की वाजणाऱ्या) अलार्मना स्मृती असते : तारीख, वेळ, अलार्मची स्थिती, सेपरेटर चालू होता की बंद. ही माहिती १८ महिने जपावी लागते. पुस्तक एक सांगतं आणि यंत्र दुसरं, तेव्हा कोणी पुस्तकावर विश्वास ठेवत नाही.

आता त्या ३.३ घनमीटरकडे. टाकीतलं पाणी गेलं असेल तर कुठल्या तरी वाटेनं गेलं. सेपरेटरपासून ओव्हरबोर्ड, म्हणजे पाणी समुद्रात सोडणाऱ्या, व्हॉल्व्हपर्यंतची लाइन डोळ्यांनी तपास. ताजा रंग लागलेला एकच फ्लँज (पाइपचा बोल्टचा सांधा), पान्याचे नवे ओरखडे असलेले बोल्ट, दोन्ही बाजूंना ब्लँक, म्हणजे बंद झाकण, असलेला पाइपचा तुकडा, नंबर न जुळणारं सील. अलार्मच्या सॅम्पल लाइनला गोड्या पाण्याचा व्हॉल्व्ह असतो, तो किंचित उघडा आहे का ते बघ. सॅम्पल पातळ केलं की तेलकट पाणीही पंधराच्या खाली दिसतं. नव्या यंत्रांत ते पाणी सोडलं की अलार्म वाजायलाच हवा, म्हणून वाजतो का तेही बघ. पण स्वतः काही सोडू नकोस, काही उघडू नकोस. नुसतं बघ आणि लिही. आणि एक साधी शक्यता विसरू नकोस : कोणी तरी पाणी दुसऱ्या टाकीत ढकललं असेल आणि नोंद राहून गेली असेल. शेजारच्या टाक्याही त्याच वेळी मोज.

राहिलेली नोंद गुन्हा नाही, ती लपवणं गुन्हा आहे. विसरलेलं काम पुस्तकातल्या ‘आय’ या संकेताक्षराखाली, पूर्वी राहून गेलेली नोंद म्हणून, मूळ तारखेसह लिहिता येतं. चुकलेल्या ओळीवर खालचं वाचता येईल अशी एकच रेघ, सही, तारीख आणि खाली बरोबर नोंद. व्हाइटनर नाही, पान फाडणं नाही. सेपरेटर बिघडला तर ‘एफ’खाली कधी बिघडला, का बिघडला, कधी सुरू झाला. पुस्तकात बिघाड दिसला की चीफ इंजिनिअरला कमीपणा वाटतो. वाटू दे. वर्षभर एकही बिघाड न दाखवणारं पुस्तक तपासनिसाला जास्त खुपतं.

खोट्याची गरज कुठून पडते ते बघ, कारण खरं काम तिथं आहे. पाणी जास्त तयार होतं म्हणून लोक वाटा शोधतात. समुद्राच्या पाण्याच्या पंपाचं गळणारं सील, दमट हवेत एअर कूलरमधून टनांनी पडणारं पाणी, बॉयलरचे ड्रेन. यातलं बहुतेक पाणी स्वच्छ असतं, तेलात मिसळू दिलं म्हणून ते बिल्ज होतं. कूलरचं पाणी वेगळ्या टाकीत जायची सोय असेल तर तो व्हॉल्व्ह बरोबर बाजूला आहे का बघ. इंजिनरूम धुताना मिळेल तो साबण ओतू नका. त्यानं तेल-पाण्याचं दूध होतं आणि मग कोएलेसर (तेलाचे बारीक थेंब एकत्र आणणारा सेपरेटरमधला फिल्टर) बदलून बदलून थकाल. लवकर वेगळं होऊ देणारंच रसायन वापरा. बिल्ज वेलमधून (तळाच्या खड्ड्यातून) थेट सेपरेटरला ओढू नका. आधी होल्डिंग टाकीत, थोडं तापवून, एक दिवस तरी स्वस्थ राहू द्या, वर आलेलं तेल काढा, मग चालवा. सुरू करण्याआधी सेपरेटर स्वच्छ पाण्यानं भरून घ्या. सक्शनला हवा घेत असेल तर तेल ओळखणारा प्रोब गोंधळतो आणि सगळे अलार्मला शिव्या देतात.

तरीही टाकी भरत असेल तर किनाऱ्यावर द्या. त्याला पैसे लागतात, मान्य. पण मागणी आठवडाभर आधी, लेखी गेली पाहिजे आणि पावतीवर तारीख, वेळ, प्रमाण हवं.

‘प्रकरण एवढं मोठं होतं का?’ असं तू विचारलंस. कॅरिबियन प्रिन्सेस हे प्रवासी जहाज बघ. ऑगस्ट २०१३ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ सुमारे १६ घनमीटर तेलकट पाणी त्यानं आडवाटेच्या पाइपनं सोडलं. तक्रार केली ती नव्यानं रुजू झालेल्या एका इंजिनिअरनं. वरिष्ठांनी पाइप काढून टाकायला आणि हाताखालच्यांना खोटं बोलायला सांगितलं, तेही पुढं बाहेर आलं. २०१६ मध्ये कंपनीनं गुन्हा कबूल करायचं मान्य केलं. दंड ४ कोटी डॉलर. आणि एक बारकावा लक्षात ठेव : खोल समुद्रातला विसर्ग हा ध्वजराष्ट्राचा, म्हणजे जहाज जिथं नोंदलंय त्या देशाचा, विषय असतो, पण खोटं पुस्तक घेऊन बंदरात शिरलास तर अमेरिकेसारख्या देशात तो त्या बंदरातला गुन्हा होतो. मग चौकशी पाइपची कमी आणि सहीची जास्त होते. काम ज्याच्या हाती त्याची नोंदीखाली सही, आणि पान भरलं की कप्तानाची. तुझी सही तुझीच.

मला हट्टी म्हणतात, किचकट म्हणतात. या हट्टापायी काही चांगली माणसं दुरावली, याची खंत आहे, आकड्याची नाही. दुसऱ्याच्या सोयीचा आकडा लिहून नोकरी टिकते, असं सांगणारे तुला भेटतील. ते स्वतः मात्र त्या आकड्याखाली सही करत नाहीत, कोणाला तरी पुढं करतात. त्यांना विचार, ‘तुम्ही करता का सही?’

आता क्रम. उद्या सकाळी चीफकडे जा, एकटा, सेकंडची तक्रार म्हणून नाही : ‘टाकीत ६.१ आहे, पुस्तकात ९.४ आहे, माझ्यासमोर एकदा मोजूया.’ बहुतेक चीफ इथंच सरळ होतात. नाही झाले तर कप्तान. तिथंही टाळलं तर कंपनीचा डेझिग्नेटेड पर्सन अशोअर, म्हणजे अशा कामासाठी किनाऱ्यावर नेमलेला माणूस. त्याचं नाव आणि संपर्क जहाजावर लावलेला असतो आणि आयएसएम कोडप्रमाणे (जहाजांच्या सुरक्षित व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे) त्याला थेट वरच्या व्यवस्थापनाशी बोलता येतं. त्याला लिहिताना आरोप नको, विशेषणं नकोत. तारीख, वेळ, टाकीचं नाव, साउंडिंग सेंटिमीटरमध्ये, ट्रिम, घनमीटर. तोवर रोजच्या साउंडिंग बुकात तू मोजलेलाच आकडा लिहीत जा, कोणी काही म्हटलं तरी.

मला टाकीची खरी लांबी, पाइप कुठल्या टोकाला आहे ते, ओव्हरबोर्ड लाइनवरच्या सीलचे नंबर आणि शेजारच्या टाक्यांची साउंडिंग पाठव. कूलरचं पाणी कुठं जातं तेही.